लांबच्या वाटेची सायकल



सायकल कशी चालवावी हे मी आज सांगणार नाही. ते तुम्हांला येते. तुमच्यांतल्या पुष्कळांनी ती लहानपणी नळीच्या खालून पाय घालून, कैची मारीत शिकलेली असेल आणि त्या शिक्षणाच्या खुणा गुडघ्यावर अजून असतील. आज बोलायचे आहे ते थोडे निराळे. घराच्या भिंतीला टेकून उभी असलेली ती काळी, उंच, कॅरियरवाली सायकल. जिच्यावरून दूध डेअरीवर जाते, दळण गिरणीत जाते आणि गुरुजी शाळेत जातात. तीच सायकल शंभर-दोनशे किलोमीटरांच्या प्रवासाला न्यायची झाली तर तिची तयारी कशी करावी, पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आता दारोदार मोटारसायकली झाल्या, एस. टी. गावात येते, हे कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण अजूनही शाळांच्या सहली सायकलीवरून निघतात, तरुण मुले किल्ले बघायला जातात, सायकलीने पंढरपूर गाठणारी मंडळीही आहेत. आणि ही काही नवी हौस नव्हे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगाची फेरी करायला निघाले. त्यांपैकी तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा, ती फेरी पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईत परतले. साडेचार वर्षांत सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर! वाळवंट, बर्फ, जंगल सगळे त्यात आले. त्या काळची सायकल म्हणजे काय असेल ते डोळ्यांपुढे आणा, म्हणजे आपल्या भिंतीला टेकलेल्या सायकलीविषयी थोडा आदर वाटू लागेल.

तर पहिली गोष्ट अशी की, नवीन काही विकत घेण्यापूर्वी जे आहे ते नीट करावे. लोक याच्या उलट करतात. प्रवास ठरला की दुकानात जातात. चकचकीत आरसे घेतात, सीटला झालर लावतात, घंटीच्या जागी भोंगा बसवतात. मीही तेच केलेले आहे. त्याची हकीकत सांगतो, कारण बाकीचे सगळे बोलणे त्या हकीकतीवर उभे आहे.

१९८६ सालची दिवाळीची सुट्टी. आम्ही तिघे शिक्षक कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जायला निघालो. अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. मला सायकलीच्या कामाची आवड, म्हणून तिन्ही सायकलींचे ओव्हरऑइलिंग मी स्वतः आदल्या दिवशी अंगणात बसून केले. आमच्यात एक वयाने वडील गुरुजी होते. त्यांच्या सायकलीला मी नवा डायनामो लावला, कॅरियर बदलले, सीटचे कव्हर बदलले. पुढच्या ब्रेकची रबरे झिजलेली दिसली. ‘अजून जातील एवढी एक खेप,’ असे मी म्हटले आणि तशीच ठेवली. रबरांची किंमत दोनचार रुपये. पैशाचा प्रश्न नव्हता. संध्याकाळ झाली होती आणि दुकानापर्यंत जायचा कंटाळा आला होता, एवढेच.

मलकापूरपर्यंत छान गेलो. आंबा गावात चहा झाला. घाट उतरायला लागलो आणि आभाळ भरून आले. दिवाळीत कसला पाऊस म्हणता म्हणता सर आली. दोन वळणे उतरलो असू नसू, तोच मागून गुरुजींची हाक आली, “अहो, हा ब्रेक धरेना की!” मी वळून पाहीपर्यंत ते माझ्या बाजूने पुढे निघून गेले. त्या माणसाचे प्रसंगावधान मोठे. दरीकडची बाजू सोडून त्यांनी सायकल डोंगराच्या अंगाला, गटारात घातली. जीव वाचला. उजव्या गळ्याचे हाड मोडले. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली, “गुरुजी, चला वर बसा, काय न्हाई हुत,” म्हणाला आणि तिघांना तीन सायकलींसह साखरप्याला दवाखान्यात पोहोचवले.

हाड जुळले, पण हात पुरता वर जाईना. पुढे सेवानिवृत्त होईपर्यंत गुरुजी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहीत असत. मला ते एका शब्दाने कधी बोलले नाहीत. मी मात्र त्यांच्या वर्गावरून जाताना फळ्याकडे बघायचे टाळीत असे.

म्हणून ब्रेकविषयी जरा सविस्तर सांगतो. आपल्या साध्या सायकलीला सळयांचे ब्रेक असतात. मूठ दाबली की सळई ओढली जाते आणि रबरे रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे आसाकडच्या बाजूला, टेकतात. रिम पोलादाची, वर चकचकीत मुलामा. कोरडी असते तोवर काम भागते. पण पाऊस पडला की त्या गुळगुळीत मुलाम्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि रबर नुसते घसरत राहते. चाकाचे काही फेरे होऊन पाणी पुसले जाईपर्यंत ब्रेक लागतच नाही म्हटले तरी चालेल. रबरे नवी असली तरी हा दोष थोडाफार राहतोच. झिजलेली असली तर विचारूच नका.

मग करावे काय? रबर अर्धे झिजले की बदलावे, पूर्ण झिजायची वाट पाहू नये. रबर आणि रिम यांच्यात साधारण एक सूत अंतर असावे आणि दोन्ही रबरे एकाच वेळी टेकावीत. एक बारीक गोष्ट दुकानातही चुकते. ज्या पत्र्याच्या घरात रबर बसते त्याचे एक तोंड बंद असते आणि एक उघडे. चाक ज्या दिशेने फिरत जाते त्या दिशेला बंद तोंड हवे. उलटे बसवले तर ऐन उतारावर जोराने ब्रेक दाबताच रबर घरातून सरकून खाली पडते आणि नुसता पत्रा रिमवर घासतो. सळयांचे सारे नट आवळून पाहावेत. मूठ हँडलला टेकेपर्यंत दबत असेल तर सळई सैल आहे असे समजावे.

खेड्यात पुष्कळ जण पुढचा ब्रेक काढूनच टाकतात. ‘पुढचा दाबला की माणूस तोंडावर पडतो,’ अशी समजूत आहे. हे धोक्याचे आहे बरे का. ब्रेक दाबला की अंगाचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून सायकल थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेकच करतो. मागचा एकटा दाबला तर चाक जाम होऊन घसरते. दोन्ही मिळून, हळूहळू दाबावेत आणि वळणाच्या आधी दाबावेत, वळणात नव्हे. ओल्या घाटात तर वरूनच सावकाश उतरावे. अधूनमधून दोन्ही ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्यावी, म्हणजे खरी गरज लागेल तेव्हा ते धरतील. आणि उतार फारच मोठा असला तर सरळ खाली उतरून सायकल हातात धरून चालावे.

ज्यांना खर्च झेपत असेल त्यांनी पहिला पैसा इथेच घालावा. ॲल्युमिनियमच्या रिमवर रबर ओल्यातही पोलादापेक्षा पुष्कळ चांगले धरते. जुन्या सायकलीला निदान पुढचे चाक तसे करून तारेचा ब्रेक बसवता येतो का हे मिस्त्रीला विचारावे. सगळ्याच चिमट्यांना तो बसत नाही, तेव्हा बघितल्यावाचून सामान घेऊ नये. नवी सायकलच घ्यायची असेल तर रंग आणि चित्रे बघण्याआधी रिम कशाची आहे ते बघावे.

आता चाकांकडे वळू. साध्या सायकलीच्या पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस स्पोक असतात, कारण भार मागे जास्त. चाक उचलून फिरवा आणि एकेक स्पोक बोटाने छेडा. ताणलेला स्पोक खणखणीत वाजतो, सैल असलेला थप्प बोलतो. एक सैल झाला की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो, मग शेजारी तुटतो, आणि हे लोण पुढे जाते. कुटुंबात होते तसेच! चाक डुलत असेल तर आऊट काढून घ्यावा. हे काम स्वतः करायचे असेल तर निपल एका वेळी अर्धाच फेरा फिरवावा. घाईने दोनदोन फेरे फिरवून चाकाचा आठाचा आकडा केलेले उत्साही लोक मी पाहिले आहेत. आऊट काढल्यावर स्पोकचे टोक निपलमधून रिमच्या आत वर आले असेल तर ते कानशीने घासावे आणि वरून रिमपट्टी नीट बसवावी. नाही तर रस्त्यावर काटा नसताना पंक्चर होत राहते आणि आपण बिचाऱ्या बाभळीला दोष देतो.

छर्रे आणि कोन यांची परीक्षा सोपी आहे. चाक जमिनीपासून उचला आणि हलकेच फिरवून सोडा. थांबताना ते आपण होऊन थोडे मागेपुढे झुलून जड बाजू खाली घेऊन स्थिर झाले पाहिजे. झटकन थांबले तर कोन जास्त आवळला आहे. रिम धरून डावी-उजवीकडे हलवली आणि खटखट लागली तर सैल आहे. जुने ग्रीस रॉकेलने वा डिझेलने धुऊन, छर्रे मोजून, नवे ग्रीस भरावे. एक जरी छर्रा खडबडीत दिसला तरी सगळेच बदलावेत.

साखळीचे माप घ्यायला पट्टी पुरते. नव्या चेनचे चोवीस दुवे बरोबर बारा इंचांत बसतात. तेवढ्याच दुव्यांना बारा इंचांवर एक सूत जागा लागू लागली, की चेन गेली. ती तशीच वापरली तर दातेही खाते, आणि मग चेन, फ्रीव्हील, पुढचे चक्र सगळेच बदलण्याची पाळी येते.

आता दात्यांचे गणित. शिक्षक मित्रांनी हे सातवी-आठवीच्या वर्गात सायकल नेऊन जरूर करून दाखवावे. गुणोत्तर शिकवायला याहून चांगले साधन मला तरी सापडलेले नाही. समजा पुढच्या चक्राला चव्वेचाळीस दाते आहेत आणि मागे अठरा. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच फेरे फिरते. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरांच्या थोडा आत. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी वीस किलोमीटरांच्या आतबाहेर. सपाट रस्त्यावर, सामानावाचून, हे ठीक आहे. पण मागे दहा किलोचे ओझे आणि समोर चढ असला की हेच साडेपाच मीटर गुडघ्यात भरतात.

उपाय स्वस्त आहे. अठरा दात्यांचे फ्रीव्हील काढून बावीस दात्यांचे बसवा. आता एका फेऱ्याला साडेचार मीटरच जाल. वेग ताशी सोळापर्यंत उतरेल, पण चढावर पाय फिरत राहतील आणि संध्याकाळी पायऱ्या चढताना कण्हावे लागणार नाही. चेन थोडी कमी पडेल. चाक पुढे सरकवून भागले नाही तर एक जोड वाढवावा. दिवसाला ऐंशी किलोमीटर जायचे तर वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे. दुकानदार म्हणेल, “गुरुजी, सायकल पळणार नाही.” पळू नये अशीच आपली इच्छा आहे, असे त्याला सांगावे.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांनी गिअर जरूर घ्यावेत. हबच्या पोटात तीन गिअर असलेले मागचे चाक ही जुनी आणि विश्वासाची वस्तू. त्यातल्या एका प्रसिद्ध रचनेत खालचा गिअर मधल्याच्या तीन चतुर्थांश आणि वरचा मधल्यापेक्षा एक तृतीयांशाने मोठा असतो. सारी यंत्रणा बंद घरात असल्यामुळे चिखल-धुळीचा उपद्रव नाही. बाहेरचे, चेन उडवणारे गिअर स्वस्त मिळतात आणि त्यांत पल्लाही जास्त, पण त्यांना निगा लागते, आणि बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस आडगावी मिळेलच असे नाही. गिअर वापरणे म्हणजे दुबळेपणा, असे मानणारेही आहेत. ही समजूत आपल्याकडचीच आहे असे नाही. फ्रान्समध्ये पॉल द विवी नावाचे गृहस्थ ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने वर्षानुवर्षे लिहीत होते की, लांबच्या डोंगरी प्रवासाला एकापेक्षा जास्त गिअर हवेतच. तरी त्यांच्याच देशातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत बाहेरच्या गिअरना परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर विवी वारून सात वर्षे झाली होती.

सीटची उंची हा फुकटचा सुधार आहे, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देत नाही. सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीप्रमाणे चवडा ठेवलात की गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप राहतो. पुष्कळांच्या सीटा खाली असतात आणि म्हणून गुडघे दुखतात. मात्र वर घेताना सीटचा दांडा नळीत निदान अडीच इंच राहू द्या. शिक्षकांना एक विनंती. शाळेतल्या मुलींना मिळालेल्या सायकली पुष्कळदा दुकानातून आल्या त्याच उंचीवर वर्षभर चालतात. मुलगी वर्षात चार बोटे वाढते, सीट नाही वाढत. एका दुपारी पाना घेऊन बसलात तर सगळ्या वर्गाचे काम होईल.

सीट चामड्याची असेल तर उत्तम, पण ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. नवी सीट घालून प्रवासाला निघू नये. वर मऊ गादीचे कव्हर घालण्याचा मोह होतो. दहा किलोमीटर ते सुखाचे वाटते, पन्नासाव्या किलोमीटरला तेच सरकून मांड्या सोलते. मी तरी घालत नाही.

सामानासाठी आपल्या पूर्वजांची पडशी आठवा. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सारखे वजन, खाली लोंबणारे. कॅरियरच्या दोन्ही अंगांना तशाच दोन पिशव्या हव्यात. जाड कापडाच्या घरी शिवता येतात. उंच गाठोडे बांधले की उतारावर सायकल डुलते. पिशवी एवढी मागे असावी की पायडल मारताना टाच लागणार नाही, आणि तिचा एकही बंद सुटा राहू नये. हँडलला पिशवी अडकवणे तर सक्त मना. ती झुलते, स्पोकमध्ये जाते आणि क्षणात माणूस डोक्यावर पडतो. डोक्यावर हेल्मेट असावे, मागे लाल परावर्तक आणि दिवा असावा. तरी रात्री मोठ्या रस्त्याने जाऊच नये. हल्लीची वाहतूक १९८६ ची राहिलेली नाही.

बरोबर काय घ्यावे? पंप, एक अखंड ट्यूब, सोल्यूशन आणि रबराचे तुकडे, सायकलीच्या नटांना लागू होणारे पाने, व्हॉल्व्ह ट्यूब बोटभर, फ्रेमला बांधलेले तीनचार स्पोक, थोडी तार, सुतळी. आणि ब्रेक रबरांचा एक जोड. जुन्या टायरचा वीतभर तुकडाही ठेवा. टायर फाटला तर आतून तो लावून गाव गाठता येते. पंक्चर काढल्यावर ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचे टोक अडकून राहिलेले असेल तिथे कापूस धरला जातो.

हे सगळे झाले म्हणजे प्रवासाच्या आठवडाभर आधी एक दिवस काढा. सगळे सामान लादून, अगदी तांब्या-भांड्यासकट, तीस-चाळीस किलोमीटर जाऊन या; वाटेत एखादा चढ-उतार येईल असे पाहा. रस्त्यावर पाणी सांडून ओल्यात ब्रेक दाबून बघा. घरी आल्यावर सायकल उलटी करा आणि प्रत्येक नटाला पाना लावा; विशेषतः कॅरियरचे, मडगार्डचे आणि क्रँकच्या कॉटरचे. नव्याने बसवलेले सारे पहिल्या चाळीस किलोमीटरांत थोडे बसते आणि सैल होते. डावे पायडल उलट्या आट्याचे असते हे विसरू नका, नाही तर आवळायला जाऊन सोडून बसाल.

आमचे ते गुरुजी पुढल्या दिवाळीत पुन्हा आमच्याबरोबर निघाले. याही खेपेला रत्नागिरीच, आणि आंबा घाटच. सकाळी ते माझ्या अंगणात आले, चहा नको म्हणाले आणि तिन्ही सायकलींची रबरे डाव्या हाताने एकेक दाबून पाहिली. मग आम्ही निघालो. घाटात पाऊस नव्हता. तरी दोन वळणे आम्ही तिघेही चालतच उतरलो.